गोळी का चुकते, ते आधी विचारा

मधुमेहाच्या गोळ्या घरात असतात, पण वेळेवर पोटात जात नाहीत. वस्त्यांमधल्या तपासणी शिबिरांत आम्हाला हे पुन्हा पुन्हा दिसते. साखर तपासायला आलेल्या मावशी सांगतात, “गोळी चालू आहे.” जरा बाजूला बसवून निवांत विचारले की कळते, महिन्यातले दहा-बारा दिवस गोळी घेतलेलीच नसते. डॉक्टरांना हे सांगत नाहीत, कारण ते ओरडतील अशी भीती असते. डॉक्टरांना वाटते, गोळी घेऊनही साखर उतरत नाही. म्हणून ते गोळी वाढवून देतात. मग ज्या दिवशी ती वाढलेली गोळी नेमाने घेतली जाते आणि जेवण मात्र अर्धवट होते, त्या दिवशी साखर एकदम खाली जाते. घाम फुटतो, हातपाय थरथरतात. “ही गोळी मला सोसत नाही,” म्हणून ती कायमचीच बंद होते.

या साखळीत कोणीही मुद्दाम चूक केलेली नसते. आमचे म्हणणे एवढेच आहे, की चुकलेल्या प्रत्येक गोळीमागे काही कारण असते. ते कारण घरातल्यांनी न रागावता शोधले, तर उपाय बहुतेक वेळा घरात, गल्लीत किंवा जवळच्या दवाखान्यात सापडतो.

हा एकट्या-दुकट्याचा दोष नाही

भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या देशव्यापी पाहणीचे आकडे २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यानुसार देशात सुमारे १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह आहे. नेमाने औषध घेणे कोणालाच सोपे जात नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २००३ च्या अहवालात नोंदवले आहे, की श्रीमंत देशांतसुद्धा दीर्घ आजारांचे साधारण निम्मेच रुग्ण सांगितल्याप्रमाणे औषध घेतात. तिथे पगारी रजा आहे, शिक्षण आहे. आपल्या वस्तीत रोजंदारी, पाण्याच्या वेळा आणि भाड्याची चिंता यांतून गोळी आठवायची असते. तेव्हा “तुम्हाला शिस्तच नाही” हे वाक्य आधी बाजूला ठेवू या.

बाबासाहेबांनाही मधुमेह होता, हे आपण सगळे जाणतो. १९४८ मध्ये त्यांचा विवाह झाला तो डॉक्टर असलेल्या माईसाहेबांशी. पुढे त्यांचे औषध, पथ्य, इन्सुलिन यांवर माईसाहेबांची नजर असे. त्याच आजारपणात बाबासाहेबांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ हा ग्रंथ लिहून पूर्ण केला. एवढ्या मोठ्या निश्चयाच्या माणसालाही औषधपाण्यासाठी जवळचे कोणीतरी लागत होते. मग आपल्या आईला, सासऱ्यांना, शेजारच्या आजीला ते लागते यात कमीपणा कसला?

बरे वाटते, मग गोळी कशाला?

गोळी बंद होण्याचे हे कारण आम्ही सर्वांत जास्त वेळा ऐकतो. साखर तपासली, आकडा नीट आला, की “आता उतरली, बंद करू.”

पावसाळ्याआधी आपण छपरावर ताडपत्री टाकतो. जुलैत घर गळत नाही, म्हणून कोणी ताडपत्री काढून ठेवत नाही. घर गळत नाही ते ताडपत्रीमुळेच. साखरेचा आकडा नीट येतो तो बऱ्याच वेळा गोळीमुळेच. वजन आणि आहार चांगले सुधारले तर काही जणांच्या गोळ्या कमी होतात, हे खरे. पण ते तपासणी करून डॉक्टरांनी ठरवायचे असते.

दुसरी अडचण अशी, की वाढलेली साखर बराच काळ दुखत नाही. दाढ दुखली की माणूस धावत जातो. साखर मात्र गुपचूप डोळ्यांच्या पडद्याच्या, किडनीच्या आणि पायांच्या नसांच्या बारीक रक्तवाहिन्या खराब करत राहते. पायाला चपलेचा खिळा लागतो आणि कळतच नाही. कळते तेव्हा जखम चिघळलेली असते.

गेल्या तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारी एचबीए१सी नावाची तपासणी असते. ब्रिटनमध्ये १९७७ साली सुरू झालेल्या एका मोठ्या अभ्यासाचे निष्कर्ष १९९८ मध्ये जाहीर झाले. एका गटाचा हा आकडा ७.९ होता, दुसऱ्याचा ७. फरक एक टक्काही नाही. तरी दुसऱ्या गटात बारीक रक्तवाहिन्यांचे आजार सुमारे पाव हिश्श्याने कमी झाले. म्हणजे रोजच्या छोट्या गोळीने पडणारा थोडासा फरकही वर्षानुवर्षांच्या हिशोबात मोठा ठरतो.

कामाची वेळ आणि जेवणाची वेळ

घरकामाला जाणाऱ्या ताई पहाटे कोऱ्या चहावर बाहेर पडतात. पहिला घास अकरा वाजता, तोही मिळाला तर. रात्रपाळीचे वॉचमन दादा सकाळी झोपतात. सफाई कामगारांची हजेरी उजाडण्याआधी लागते. आणि चिठ्ठीवर लिहिलेले असते, ‘सकाळी, जेवणाआधी.’ यांची सकाळ नेमकी कोणती?

इथे दोन नेहमीच्या गोळ्यांतला फरक समजून घ्यावा. मेटफॉर्मिन ही जेवणासोबत किंवा जेवणानंतर घ्यायची गोळी आहे. एकटी असली तर ती सहसा साखर धोक्याइतकी खाली नेत नाही. ग्लिमेपिराइडसारखी गोळी मात्र शरीरातले इन्सुलिन वाढवते. ती दिवसाच्या पहिल्या मोठ्या जेवणाच्या जरा आधी किंवा जेवणाबरोबर घ्यायची असते. ती घेऊन जेवण टाळले, तर साखर खाली जाऊ शकते. पुष्कळांना या दोन्हींची मिळून एकच गोळी दिलेली असते. म्हणून ती उपाशीपोटी घेऊन कामाला पळू नये.

डॉक्टरांना आपल्या दिवसाचे खरे वेळापत्रक सांगा: “मी पहिल्यांदा अकराला जेवते,” “माझी रात्रपाळी असते.” त्यावरून गोळीची वेळ बदलता येते, कधी गोळीही बदलता येते. हे विचारणे म्हणजे उलट बोलणे नव्हे. रुग्ण म्हणून तो आपला हक्क आहे.

गोळी संपली आणि रांग मोठी

सरकारी दवाखान्यातून पंधरा दिवसांच्या किंवा महिन्याच्या गोळ्या मिळतात. त्या संपतात नेमक्या आठवड्याच्या मधल्या दिवशी. रांगेत उभे राहायचे म्हणजे एक रोज बुडणार. मग “रविवारनंतर बघू,” आणि मध्ये आठ दिवस कोरडे जातात.

उपाय साधा आहे. सात दिवसांच्या गोळ्या उरल्या की पुढच्या आणायच्या. शेवटच्या पट्टीवर पेनाने मोठी फुली मारून ठेवा. ती पट्टी उघडली, की दवाखान्यात जायची वेळ झाली. कामावर जाणाऱ्याऐवजी घरातले दुसरे कोणी केसपेपर घेऊन गेले तर गोळ्या मिळतील का, हे खिडकीवर एकदा विचारून ठेवा.

पैशांची अडचण असेल तर गोळी निम्मी करून पुरवू नका. महाराष्ट्रात १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत तपासणी आणि उपचार मोफत आहेत. महापालिकेच्या दवाखान्यांतही मधुमेहाच्या नेहमीच्या गोळ्या देतात. बाहेरून घ्यायची वेळ आलीच, तर जनऔषधी केंद्रात तेच औषध पुष्कळ स्वस्त मिळते. आशाताई किंवा आरोग्यसेविका वस्तीत येतात तेव्हा तीस वर्षांवरच्या सर्वांची साखर आणि रक्तदाब तपासून घ्यावा.

रंग बदलला, नाव बदलले

मागच्या वेळी गोळी पांढरी लांबट होती, या वेळी गोल आली. “चुकीची दिली,” म्हणून ती डब्यात पडून राहते. किंवा उलटे होते. सरकारी दवाखान्याची गोळी आणि खासगी डॉक्टरांची गोळी, दोन्ही सुरू राहतात. नावे वेगळी असल्यामुळे आत एकच औषध आहे हे कळत नाही आणि डोस दुप्पट होतो.

पट्टीवर कंपनीचे नाव मोठ्या अक्षरांत असते. औषधाचे खरे नाव बारीक अक्षरांत लिहिलेले असते, उदाहरणार्थ मेटफॉर्मिन ५०० मिलिग्रॅम. घरातल्या शाळकरी पोरांना ते वाचायला लावा. सगळ्या पट्ट्या एका पिशवीत घालून ती पिशवी प्रत्येक तपासणीला न्या. त्यात झाडपाल्याची पावडर किंवा काढा असेल तर तोही न्या. कारल्याचा रस पिणारे पुष्कळ आहेत. रस पितो म्हणून गोळी सोडली, तर नुकसान आपले.

पोट बिघडते, किडनीची भीती वाटते

मेटफॉर्मिन सुरू केल्यावर काहींना मळमळते, जुलाब होतात, तोंडाला वेगळीच चव येते. बहुतेकांचा हा त्रास काही आठवड्यांत कमी होतो. पोटभर जेवणासोबत घेतली तर फरक पडतो. डॉक्टर कमी डोसपासून सुरुवात करू शकतात किंवा हळूहळू विरघळणारी गोळी देऊ शकतात. ती गोळी मात्र फोडून किंवा चावून खाऊ नये. मेटफॉर्मिन अनेक वर्षे घेणाऱ्यांमध्ये बी-१२ जीवनसत्त्व कमी होऊ शकते. पायाला मुंग्या येत असतील तर डॉक्टरांना तेही सांगावे.

“गोळ्यांनी किडनी जाते,” हे वाक्य गल्लीगल्लीत ऐकू येते. मधुमेहात किडनी खराब होते ती मुख्यतः वर्षानुवर्षे चढलेली साखर आणि रक्तदाब यांमुळे. किडनीचे काम आधीच फार कमी झाले असेल तर मेटफॉर्मिन कमी करतात किंवा थांबवतात. त्यासाठीच वर्षातून एकदा तरी रक्त आणि लघवीची तपासणी करायची असते.

तसेच इन्सुलिनचे. “इन्सुलिन लागले म्हणजे संपले,” असे समजून माणसे महिनोन् महिने टाळतात. बऱ्याच वर्षांनी शरीरातले इन्सुलिन कमी पडू लागते, तेव्हा ते बाहेरून द्यावे लागते, इतकेच.

घरातल्या बाईची गोळी

हे जरा स्पष्टच लिहितो. नवरा-बायको दोघांनाही मधुमेह असतो. पैसे एकाच पट्टीचे असतात. पट्टी नवऱ्याची येते. किंवा एकाच पट्टीतल्या गोळ्या दोघे वाटून घेतात, जणू दोघांचा आजार आणि डोस एकच आहे. घरात सर्वांत शेवटी जेवणारी बाई गोळीही सर्वांत शेवटी घेते, म्हणजे बऱ्याचदा विसरते. समतेची सुरुवात आपल्या चुलीपासून व्हायची असेल, तर तिच्या नावाचा वेगळा केसपेपर हवा, वेगळी डबी हवी आणि वेळेवर जेवण हवे.

आठवण राहण्यासाठी

गोळी अशा कामाला बांधा, जे रोज चुकत नाही. कोणाचे ते दात घासणे असेल, कोणाचे पाणी भरणे, कोणाचे रात्रीच्या बातम्या. जेवणासोबतची गोळी भाकरीच्या टोपलीशेजारी ठेवा, लहान मुलांचा हात पोचणार नाही अशी.

सात कप्प्यांची डबी मेडिकलच्या दुकानात मिळते. नाहीतर सात रिकाम्या काडेपेट्यांवर वार लिहा. गोळी पट्टीतून न काढता कात्रीने कापून आत ठेवा, म्हणजे दमट हवेने खराब होत नाही. वाचता येत नसेल तर सकाळच्या पाकिटावर सूर्य आणि रात्रीच्या पाकिटावर चांदणी काढा. आज गोळी घेतली की नाही, हा प्रश्न कप्पा पाहिला की मिटतो.

एक गोळी चुकली तर पुढच्या वेळी दोन घेऊ नका. मेटफॉर्मिन थोड्या वेळाने आठवली तर काही खाऊन घ्या. पुढच्या गोळीची वेळ जवळ आली असेल तर चुकलेली सोडून द्या. जेवण होणार नसेल तर ग्लिमेपिराइड घेऊ नका.

ताप, उलट्या, जुलाब होऊन जेवण जात नसेल, तर त्याच दिवशी डॉक्टरांना विचारा. अशा वेळी काही गोळ्या तात्पुरत्या थांबवतात. इन्सुलिन मात्र आपल्या मनाने बंद करायचे नाही.

पाचवे शील आपल्याला ठाऊक आहे. तरी घरात कोणी दारू पीत असेल, तर ते डॉक्टरांपासून लपवू नका. उपाशीपोटी दारू आणि त्यावर ग्लिमेपिराइड किंवा इन्सुलिन, यात साखर धोक्याइतकी खाली जाऊ शकते.

साखर खाली गेली तर

घाम, थरथर, धडधड, एकदम भूक, डोळ्यांपुढे अंधारी, असंबद्ध बोलणे, ही लक्षणे घरातल्या सर्वांना पाठ असावीत. माणूस शुद्धीवर असेल तर चहाचे तीन चमचे साखर पाण्यात ढवळून लगेच द्या. पंधरा मिनिटांत बरे वाटले नाही तर पुन्हा द्या. बरे वाटल्यावर भाकरी किंवा भात खायला द्या. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही घालू नका. कुशीवर निजवा आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवा. नंतर हा प्रसंग डॉक्टरांना जरूर सांगा. गोळी आपणहून कायमची बंद करू नका.

उपोसथ, प्रवास आणि उन्हाळा

पौर्णिमेला अष्टशील पाळणारे उपासक-उपासिका दुपारनंतर जेवत नाहीत. वर्षावासात हे प्रमाण वाढते. ग्लिमेपिराइड किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांनी त्या दिवशी संध्याकाळचा डोस कसा घ्यायचा, हे आधीच डॉक्टरांना विचारावे. डॉक्टर नको म्हणाले, तर दुपारनंतर न जेवण्याचा नेम सोडून बाकीची शीले पाळावीत.

सहा डिसेंबरला चैत्यभूमी, दसऱ्याला दीक्षाभूमी, एक जानेवारीला भीमा कोरेगाव: या प्रवासात दोन-तीन दिवस सहज जातात आणि गोळ्या घरी राहतात. जितके दिवस जायचे, त्याहून तीन दिवसांच्या जास्त गोळ्या घ्या. त्या सामानाच्या गाठोड्यात न ठेवता अंगाजवळच्या पिशवीत ठेवा. सोबत चिठ्ठीची झेरॉक्स, खिशात साखरेची पुडी आणि पायात नीट बसणारी चप्पल असू द्या. रांगेत अनवाणी उभे राहू नका.

न उघडलेली इन्सुलिनची बाटली फ्रिजमध्ये ठेवतात, पण बर्फाच्या कप्प्यात कधीच नाही. गोठलेले इन्सुलिन फेकून द्यावे लागते. वापरात असलेली बाटली साधारण चार आठवडे सावलीत, थंड जागी चालते. पत्र्याच्या घरात एप्रिल-मेमध्ये थंड जागा कुठून आणायची? फ्रिज नसेल तर बाटली झाकणाच्या प्लास्टिकच्या डबीत ठेवा आणि ती डबी तळाशी थोडे पाणी असलेल्या मातीच्या मडक्यात. मडके सावलीत, वारा लागेल तिथे असू द्या. आपल्या आज्यांनी पाणी थंड ठेवले तीच युक्ती इथे उपयोगी पडते.

विचारायचे कसे?

“आई, परत गोळी विसरलीस ना? मग पाय कापावा लागला की कळेल!” असे बोलले की आई पुढच्या वेळी खोटे सांगते. “आई, या आठवड्यात किती गोळ्या राहिल्या गं? कुठली घ्यायला अवघड जाते, सकाळची का रात्रीची?” असे विचारले की ती खरे सांगते. मग कळते की सकाळची गोळी नळाच्या वेळेत हरवते, किंवा रात्रीच्या गोळीने पोट बिघडते. कारण कळले की निम्मे काम झाले.

डॉक्टरांपुढेही तेच. “सगळ्या घेतो,” असे सांगण्यापेक्षा “आठवड्यात दोन-तीन राहतात, या कारणाने,” असे सांगा. त्या एका खऱ्या वाक्याने डोस उगाच वाढायचा वाचतो.

विहारात काय करता येईल?

आमची एक सूचना आहे. प्रत्येक विहारात महिन्याचा एक रविवार ठरवावा. वंदना झाल्यावर पंधरा मिनिटे द्यावीत. कोणाच्या गोळ्या संपत आल्या आहेत ते हळूच विचारावे. ज्यांना रांगेत उभे राहणे जमत नाही, अशा एकट्या वृद्धांसाठी प्रत्येक गल्लीतल्या दोन तरुणांनी सोबतीला जायची जबाबदारी घ्यावी. शिकलेल्या मुलींनी पाकिटांवर सूर्य-चांदणी काढून द्यावी. कोणाची साखर किती, हे मात्र चारचौघांत मोठ्याने वाचू नये. ती त्या माणसाची खासगी गोष्ट आहे.

याला वर्गणी लागत नाही, मंडप लागत नाही. लागतो तो थोडा वेळ आणि न रागावता विचारलेला एक प्रश्न. आज रात्री जेवताना घरात तो विचारून पाहा: “या आठवड्यात किती राहिल्या?” उत्तर काहीही आले, तरी आवाज चढवू नका. पुढचा प्रश्न विचारा: “का बरं?”